विहाराचा स्लॅब

(संस्थेच्या वर्धापनदिनी विहाराच्या सभागृहात दिलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांना वंदन करून मी बोलायला उभा आहे. पत्रिकेत माझा विषय 'काँक्रीटच्या पृष्ठभागाची तयारी आणि संरक्षण' असा छापला आहे. तो वाचून दोघा-तिघांनी मला वाटेत अडवून विचारले, "दादा, धम्माच्या व्यासपीठावर हे सिमेंटचे काय काढले?" त्यांना माझे उत्तर एवढेच आहे की, मान वर करून बघा.

पंख्याच्या हुकाजवळ ताटाएवढी जागा उघडी पडली आहे. त्यातून दोन सळया दिसतात, लाल झालेल्या. गेल्या वर्षावासात, ग्रंथवाचन आटोपून सर्वजण घरी गेल्यावर रात्री तो तुकडा पडला. सकाळी त्याच जागी अभ्यासिकेची मुले बसतात. तो तुकडा मी जपून ठेवला आहे, आज बरोबर आणला आहे. वजन केले, साडेतीन किलो भरले. दहा फुटांवरून साडेतीन किलो!

आता कार्यकारिणीपुढे दोन सूचना आहेत. वर गच्चीला डांबर मारून घ्यावे आणि आत पी.ओ.पी.ची छत करून बुद्धपौर्णिमेच्या आधी रंग द्यावा. सूचना करणाऱ्यांच्या मनात श्रद्धाच आहे, याबद्दल मला शंका नाही. पण मी या दोन्ही सूचनांच्या विरुद्ध बोलणार आहे आणि का ते सविस्तर सांगणार आहे. थोडा वेळ लागेल, क्षमा असावी.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात सेनासन, म्हणजे भिक्खूंच्या राहण्या-झोपण्याच्या जागा, याविषयी एक प्रकरण आहे. त्यात वैशालीच्या एका गरीब शिंप्याची हकीकत येते. लोक मोठ्या आदराने विहार बांधून देत आहेत हे त्याने पाहिले, आणि आपणही एक बांधावा असे त्याच्या मनात आले. पैसा नव्हता. त्याने स्वतः चिखल तुडवला, विटा रचल्या, भिंत उभी केली. हात त्या कामात शिकलेला नव्हता, त्यामुळे भिंत वाकडी झाली आणि कोसळली. दुसऱ्यांदा बांधली, तीही कोसळली. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा तो संतापून बोलू लागला की, जे या श्रमणांना चीवर देतात, भोजन देतात, त्यांना हे उपदेश करतात, त्यांच्या बांधकामावर देखरेखही करतात. मी गरीब म्हणून मला कोणी सांगत नाही! ही गोष्ट भगवंतांच्या कानावर गेली. त्यांनी शिंप्याला दोष दिला नाही. त्यांनी बांधकामावर देखरेख करणारा भिक्खू नेमण्याची अनुज्ञा दिली. त्या कामाला 'नवकम्म' म्हणतात. काम लवकर कसे पुरे होईल हे त्याने पाहावे आणि जे मोडले-फुटले असेल ते दुरुस्त करावे, असे त्याचे कर्तव्य सांगितले आहे.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कारण आपला हा विहार त्या शिंप्यानेच बांधलेला आहे.

1994 च्या एप्रिल महिन्यात हा स्लॅब भरला. इथल्या निम्म्या लोकांचा तेव्हा जन्म नव्हता, म्हणून सांगतो. वस्तीतल्या बायांनी रोजंदारीतून पाच-पाच, दहा-दहा रुपये काढून सिमेंटच्या गोण्या घेतल्या. खाडी इथून हाकेच्या अंतरावर आहे. एका दात्याने खाडीची रेती फुकट आणून टाकली. आम्ही टाळ्या वाजवल्या, रेती धुतली मात्र नाही. सळयांखाली ठेवायची सिमेंटची बिस्किटे कोणी पाडली नाहीत. इथे-तिथे खडी सरकवली, ती पायाखाली निसटली, आणि सळया सेंट्रिंगच्या पत्र्यावर जाऊन टेकल्या. सकाळी नऊला काम सुरू झाले. संध्याकाळी शेवटच्या खणापर्यंत माल घट्ट होऊ लागला. गवंडी म्हणाला, थापी फिरत नाही. तेव्हा देखरेखीला मी उभा होतो. मीच म्हणालो, "टाका अजून एक बादली." ती शेवटच्या खणातली बादली, आणि हा पडलेला तुकडा त्याच खणातला.

हे मी आज तीस वर्षांनी सांगतो आहे. तेव्हा मला ते चूक आहे हेही ठाऊक नव्हते. पुढे नोकरीत साइटवर अभियंत्यांच्या हाताखाली राहून जे शिकलो, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

एका बादलीने काय होते? सिमेंटची गोणी पन्नास किलोची. सिमेंटशी रासायनिक संयोग होण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे पावपट पाणी पुरते. माल हाताळता यावा म्हणून आपण जास्त घालतो. चांगल्या कामात गोणीला पंचवीस लिटर, म्हणजे साधारण दोन बादल्या, ही मर्यादा मानावी. समुद्राच्या हवेत त्याहूनही कमी. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते, पण त्याने व्यापलेली जागा रिकामी राहते. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्यांचे जाळे आत तयार होते. त्या नळ्यांतून पुढे हवा, पाणी आणि मीठ ये-जा करतात. शिवाय जास्त पाणी वर येताना सिमेंटचा आणि मातीचा बारीक अंश घेऊन येते. दुधावर साय धरावी तशी ती स्लॅबवर बसते. दिसायला गुळगुळीत, पण नखाने खरवडली तर पीठ निघते. ही साय लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

सळई काँक्रीटमध्ये गंजत का नाही, हे समजले की बाकीचे आपोआप समजते. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून चुना तयार होतो. त्यामुळे ताज्या काँक्रीटचा सामू, म्हणजे पी.एच., साडेबारा-तेराच्या घरात असतो. एवढ्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर बसतो आणि गंज धरत नाही. लोखंडाला रंग न लावता, तेल न लावता ते वर्षानुवर्षे शाबूत राहते, ते या चुन्याच्या जिवावर. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि त्या चुन्याचा खडू करतो. सामू नऊच्या खाली आला की संरक्षक थर संपला. गंमत अशी की, घराच्या भिंतीला आपण चुन्याची सफेदी देतो ती घट्ट होते तीही याच क्रियेने. भिंतीला जे तारते तेच सळईला मारते.

सळई आणि हवा यांच्यामध्ये जे काँक्रीट असते त्याला कव्हर म्हणतात. भारतीय मानक 456 हे काँक्रीटच्या कामाचे आपले मुख्य पुस्तक. त्याच्या 2000 सालच्या आवृत्तीत सौम्य हवेसाठी 20 मिलिमीटर, मध्यम हवेसाठी 30, आणि किनाऱ्यावरच्या तीव्र हवेसाठी 45 मिलिमीटर कव्हर सांगितले आहे. आपल्या सळया पत्र्यावर टेकलेल्या होत्या. म्हणजे कव्हर किती, ते तुम्हीच ठरवा. वर गिलाव्याचा हात फिरवला म्हणून त्या दिसल्या नाहीत, एवढेच.

आता हा तुकडा बघा. आज सकाळी मी तो हातोडीने मधोमध फोडला, म्हणजे त्याचा ताजा भाग मोकळा झाला. ही बाटली आहे फिनॉल्फ्थॅलीनची. अभ्यासिकेतल्या दहावीच्या मुलांना हे औषध प्रयोगशाळेतून ठाऊक आहे. अल्कधर्मी पदार्थावर पडले की गुलाबी होते. ताई, जरा पुढे या आणि तुमच्या हाताने शिंपडा... बघा. वरच्या बाजूला गडद गुलाबी झाले. खालची बोटभर जाडी मात्र तशीच राखाडी राहिली. आणि सळईच्या गंजाची तपकिरी खूण कुठे आहे? बरोबर त्या राखाडी भागात. मागच्या ओळीतल्यांसाठी तुकडा फिरवा, पण सांभाळून, कडा धारदार आहेत.

लोखंड गंजले की फुगते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून आधी सळईच्या रेषेत बारीक चीर पडते, मग तपकिरी डाग उतरतो, मग खालचा पापुद्रा आतून सुटतो आणि एका रात्री खाली येतो. त्या चिरा आपण दोन-तीन दिवाळ्या पांढऱ्या सिमेंटने बुजवीत होतो.

या औषधाची एक मर्यादाही सांगतो, नाहीतर उद्या कोणी बाटली घेऊन सगळ्या इमारतींचे डॉक्टर होईल. हे औषध मिठाचे काही सांगत नाही. खाडीच्या न धुतलेल्या रेतीत मीठ असते, समुद्राच्या वाऱ्यातही असते. दादरची चैत्यभूमी पाहा, अगदी समुद्राच्या तोंडावर. अशा जागी वारा बारा महिने मीठ आणून टाकतो. मिठातले क्लोराइड सळईवरचा थर फोडते, मग काँक्रीट गुलाबी होवो की जांभळे. त्याची परीक्षा वेगळी. ड्रिलने निरनिराळ्या खोलीवरची भुकटी काढून प्रयोगशाळेत द्यावी लागते. ती परीक्षा आपल्या स्लॅबची झालेली नाही. ती झाल्याशिवाय दुरुस्ती करायची की स्लॅब उतरवून नवा भरायचा, हे मी सांगू शकत नाही आणि दुसरेही कोणी सांगू नये. कारण मीठ सर्वभर असेल, तर एका जागी उत्तम ठिगळ लावले तरी त्याच्या कडेला, जुन्या काँक्रीटमध्ये, गंज अधिक जोराने धरतो. नव्या ठिगळाने जुने कापड फाटते, तसे.

स्लॅब दुरुस्तीजोगा निघाला असे धरून पुढचे सांगतो. येथूनच पृष्ठभागाच्या तयारीचा खरा विषय सुरू होतो.

माझ्या तीस वर्षांच्या साइटच्या अनुभवात, वाया गेलेली दुरुस्ती मालामुळे वाया गेलेली मी फार थोडी पाहिली. बहुतेक वाया गेली ती खालचा पृष्ठभाग नीट न केल्यामुळे. महागडे औषध डब्यातून काढून धुळीवर फासले तर ते धुळीला चिकटते. धूळ भिंतीला चिकटलेली नसते. हे तत्त्व काही परदेशी कंपनीने शोधलेले नाही. त्याच चुल्लवग्गात आहे की, खडबडीत भिंतीवर पांढरा रंग धरेना, तेव्हा भगवंतांनी भुसा मिसळलेली माती थापीने लावून, मग त्यावर पांढरा रंग देण्याची अनुज्ञा दिली. अजिंठ्याला जे गेले असतील त्यांनी रंग पाहिले असतील; पुढच्या वेळी जिथे रंग उडाला आहे तिथे खाली बघा. खडक मुद्दाम खडबडीत ठेवलेला आहे. त्यावर भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू घातलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग चित्र. खडक गुळगुळीत केला असता तर तो गिलावा इतकी शतके टिकला नसता.

आपल्या आया-आज्यांना हे वेगळे सांगायला नको. पाटा गुळगुळीत झाला की त्यावर मसाला वाटला जात नाही, म्हणून टाकी लावून घ्यायच्या. काँक्रीटवर गिलावा किंवा दुरुस्तीचा माल बसण्याआधी तशीच टाकी लावावी लागते. साइटवर त्याला हॅकिंग म्हणतात. मी मघाशी सांगितलेली ती साय, सेंट्रिंगच्या पत्र्याला लावलेल्या तेलाचा अंश, जुना रंग, लोणा, शेवाळ, हे सगळे निघून आतली खडी दिसेपर्यंत पृष्ठभाग खरवडायचा. मग तारेच्या ब्रशने घासायचा, आणि शेवटी जोराच्या पाण्याने धुऊन किंवा हवेने फुंकून धूळ घालवायची. हे शेवटचे काम निम्मे ठेकेदार टाळतात, कारण ते मापात दिसत नाही. हात फिरवून तळवा बघा. पांढरा झाला तर काम झालेले नाही.

छताच्या बाबतीत सर्वांत आधी टेकू. सळयांचा भरवसा नसलेल्या स्लॅबला खालून ठोकायला लागायचे, तर आधी बल्ल्या किंवा लोखंडी टेकू लावून त्याला आधार दिला पाहिजे. मग हातोडीने सगळे छत वाजवून घ्यायचे. मडके घेताना आपण बोटाने टिचकी मारतो ना? शाबूत काँक्रीट खणखणीत वाजते, सुटलेले बद्द वाजते. बद्द वाजेल तिथे खडूने गोल काढायचा. उघडा पडलेला भाग ताटाएवढा दिसतो, पण बद्द भाग किती निघेल ते वाजवल्यावरच कळेल. चौपट निघाला तरी मला नवल वाटणार नाही.

तो सगळा भाग छिन्नीने काढायचा. सळईच्या मागेही बोट शिरेल इतका काढायचा. निम्मी सळई जुन्या काँक्रीटमध्ये आणि निम्मी नव्या मालात ठेवली, तर गंज मागच्या बाजूने चालूच राहतो. कडा निमुळत्या ठेवायच्या नाहीत, कापून उभ्या करायच्या, म्हणजे नवा माल कडेला पापडासारखा पातळ होऊन उचलत नाही. सळई लखलखीत होईपर्यंत घासायची. इथे एक इशारा देतो. गंज काढायला काही लोक बाजारातले ॲसिड वापरतात, संडास साफ करण्याचे. त्यात क्लोराइडच असते. म्हणजे ज्या विषाने रोगी आजारी पडला तेच औषध म्हणून पाजायचे! सळई किती झिजली ते मापून अभियंत्याने ठरवायचे. जास्त झिजली असेल तर नवी सळई जोडावी लागते, आणि तीही पुरेशा लांबीवर जोडावी लागते, शेजारी नुसती बांधून ठेवून भागत नाही. मग सळईला गंजरोधक लेप, जुन्या काँक्रीटला जोडलेप, आणि जोडलेप चिकट असतानाच पॉलिमर मिसळलेला माल थराथराने दाबून भरायचा. जोडलेप दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वाळून गेला, तर तो जोडत नाही, उलट वेगळे ठेवतो. त्या दिवशी जेवण पाळीने घ्यावे.

आता गच्ची. डांबराची सूचना तिच्यासाठी आहे. आपल्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा जुना कोबा आहे, त्यावर एकदा सिमेंटचा हात, त्यावर एकदा काळा रंग. असा चार इंच कोबा चौरस मीटरला दीड-दोनशे किलो भरतो. स्लॅबची ताकद कमी होत चालली आणि वरचे ओझे आपण वाढवीत चाललो. शिवाय त्या विटा पाणी पिऊन बसतात. जून-जुलैमध्ये प्यालेले पाणी नोव्हेंबरपर्यंत खाली झिरपते. त्यावर डांबर मारले तर पाणी आतच कोंडते. उन्हाने त्याची वाफ होते आणि डांबराला पुरीसारखे फुगे येतात. पुढच्या पावसाला ते फुटतात. मग आपण म्हणतो, माल बोगस होता.

म्हणून जुने थर काढून स्लॅबपर्यंत जायचे. स्लॅब धुऊन, चिरा उघडून, भरून घ्यायच्या. पावसाळी पाइपच्या तोंडाकडे शंभराला एक असा उतार द्यायचा. कठडा आणि स्लॅब यांच्या कोपऱ्यात गोलाई, ज्याला गवंडी वाटा म्हणतात, ती करायची. बहुतेक गळती मैदानातून होत नाही, या कोपऱ्यातून आणि पाइपच्या भोवतालून होते. आणि मग लेप. इथे एक गोष्ट सगळेच चुकतात. सिमेंटच्या जातीचा लेप असेल तर खालचा पृष्ठभाग ओलसर हवा, पाणी साचलेले नको. कोरडा असेल तर तो लेपातले पाणी शोषून घेतो. डांबर, इपॉक्सी, पॉलियुरेथेन यांना मात्र पृष्ठभाग कोरडा ठणठणीत हवा. वरून कोरडा दिसतो म्हणून तो कोरडा असतोच असे नाही. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारही कडांना चिकटपट्टीने बसवून रात्रभर ठेवा. सकाळी कागदाच्या खाली दवबिंदू दिसले, तर अजून थांबा. या परीक्षेला खर्च एक चहाचा. लेप वाळल्यावर पाइपची तोंडे बंद करून दोन दिवस पाणी साठवून बघायचे आणि मगच ठेकेदाराचे शेवटचे पैसे द्यायचे.

राहिले पी.ओ.पी. त्याबद्दल मी फार बोलत नाही. ज्या छतावर रोज नजर ठेवायला हवी त्यावर पडदा टाकणे, एवढाच त्याचा अर्थ. पडदा फाडून स्लॅबचा तुकडा आला, तर तो पी.ओ.पी.चे ओझेही बरोबर घेऊन येईल. रंगाचेही तसेच. रंग हे संरक्षण आहे, पण ओल कोंडणारा रंग चुकीच्या जागी लावला की पोपडे निघतात. संरक्षणाच्या हेतूने केलेले काम कसे अंगाशी येते, हे पुन्हा अजिंठ्यालाच पाहावे. 1920 नंतरच्या एक-दोन वर्षांत निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी चित्रे घट्ट बसवण्याचे पुष्कळ चांगले काम केले, पण वरून लाखेचा लेप दिला. काही काळाने तो पिवळा पडला, त्यावर धूळ बसली, आणि पुढे पुरातत्त्व खात्याला तो मोठ्या कष्टाने काढत बसावे लागले. हेतू चांगला, माणसे जाणती, तरीही असे झाले. आपल्याकडे तर नुसता हेतू चांगला आहे.

काम करणाऱ्यांविषयी बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. माझी आई घमेली वाहायची. तिच्या बोटांच्या पेरांना भोके पडलेली असत. आम्हाला वाटे चिखल्या झाल्या. तो सिमेंटचा चुना होता. तेरा सामूचा माल दिवसभर उघड्या हाताने कालवला तर कातडी जळते, आणि ती जळताना दुखत नाही, रात्री दुखते. रबरी हातमोजे आणि गमबूट यांचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा. छताला खालून छिन्नी मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच. ग्राइंडर चालवायचा तर पाणी मारीत चालवायचा आणि नाका-तोंडावर चांगला मास्क हवा, रुमाल नव्हे. कारण त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या विहाराच्या दुरुस्तीत मजुराचा हात जळू नये, एवढे तरी आपण पाहू या.

आणि पाणी मारणे! 1994 ला टँकरचे पैसे तीन दिवसांत संपले, आणि चौथ्या दिवशी एप्रिलच्या उन्हात स्लॅब कोरडा पडला. साध्या सिमेंटला कमीत कमी सात दिवस आणि हल्ली मिळते त्या मिश्र सिमेंटला दहा, शक्यतो चौदा दिवस ओल हवी. गोणपाट पसरून ते सतत ओले ठेवायचे. सकाळी एकदा नळी फिरवली आणि संध्याकाळी एकदा, याला पाणी मारणे म्हणत नाहीत. महिला मंडळाच्या अध्यक्षा ताईंशी माझे बोलणे झाले आहे. पाळ्या लावून मंडळ हे काम अंगावर घ्यायला तयार आहे. पुरुष मंडळींनी रात्रीची पाळी घ्यावी, अशी त्यांची अट आहे, ती मला योग्य वाटते.

आता 'नवकम्म' कोणी करायचे? चुल्लवग्गात असेही आहे की, काही भिक्खू किरकोळ कामासाठी वीस-वीस, तीस-तीस वर्षे आणि जन्मभराची देखरेख देऊ लागले, तेव्हा भगवंतांनी त्याला मनाई करून लहान विहाराला पाच-सहा वर्षे, मोठ्याला दहा-बारा, अशी मुदत घालून दिली. मी या विहाराच्या बांधकामाचा कर्ता म्हणून तीस वर्षे मिरवलो. ती मुदत केव्हाच संपली आहे. आपल्या वस्तीतली एक मुलगी पॉलिटेक्निकमधून स्थापत्याची पदविका घेऊन आज साइटवर नोकरी करते. ती मागे उभी आहे, बसायला जागा नाही म्हणून. माझी सूचना अशी की, देखरेख तिच्याकडे द्यावी, आणि लेखी द्यावी. काम थांबवण्याचा अधिकार तिला असावा. संध्याकाळी सहा वाजता कोणी वडीलधारा "टाका अजून एक बादली" म्हणाला, तर "नाही काका" म्हणण्याचा अधिकार तिला असावा. तो वडीलधारा मी असलो तरीही.

तेव्हा अध्यक्ष महोदय, माझ्या मागण्या अशा. रंगासाठी आणि पी.ओ.पी.साठी जमलेली रक्कम तूर्त हलवू नये. तिच्यातून पहिला खर्च प्रयोगशाळेतल्या परीक्षेचा आणि संरचना अभियंत्याच्या तपासणीचा व्हावा. त्याचा अहवाल इथे, सर्वांसमोर मराठीत वाचून दाखवावा. तोवर पंख्याच्या त्या खणाखाली टेकू लावावेत आणि अभ्यासिका बाहेरच्या पडवीत भरवावी. यंदाची बुद्धपौर्णिमा टेकूंच्या मधे साजरी होईल, फोटो चांगले येणार नाहीत, याला माझा इलाज नाही. छताचे आणि गच्चीचे काम मृगाच्या आधी पुरे होणार नसेल, तर गच्चीला या पावसाळ्यापुरती ताडपत्री घालावी आणि काम दिवाळीनंतर धरावे. घाईने ओल्या स्लॅबवर लेप मारू नये.

रविवारी सकाळी आठ वाजता मी हातोडी आणि शिडी घेऊन येतो. छत वाजवायला चार माणसे पुरतील. अभ्यासिकेच्या मुलांनी रंगीत खडू आणि वही आणावी. कुठल्या खणात किती गोल निघाले ते त्यांनी लिहून घ्यायचे आहे. डोक्यावर हेल्मेट असल्याशिवाय कोणालाही त्या खणाखाली जाता येणार नाही. सहा हेल्मेटे माझ्याकडे आहेत, आणखी कोणाकडे असतील तर घेऊन यावीत.

नमो बुद्धाय! जयभीम!